शिडाच्या बोटीवरचा आठवडा: वागायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन जोडपी आणि दोन मुलं, निम्मी पुण्याची, निम्मी लंडनची. जूनच्या शेवटी ग्रीसमधल्या लेफकाडा बेटाहून शनिवार ते शनिवार ४४ फुटी शिडाची बोट भाड्याने घेतली आहे. सोबत तिथलाच स्किपर, म्हणजे बोट चालवणारा कप्तान, असेल. बोटीवर आजवर कुणीच राहिलेलं नाही. तिथल्या रीती काय, कुणाला त्रास होऊ नये, आपलं हसं होऊ नये म्हणून काय पाळावं?

मी उन्हाळ्यात याच भागातल्या आयोनियन बेटांमध्ये चार्टर, म्हणजे भाड्याच्या, बोटी चालवतो, त्यामुळे गोऱ्यांचे, ग्रीकांचे आणि आपल्या लोकांचेही बरेच नमुने जवळून पाहिलेत. आधी एक गैरसमज काढतो. पैसे भरले म्हणजे आपण पाहुणे आणि स्किपर यजमान, असं गणित मांडून बरेच जण येतात. काही जण उलट टोकाला: आपण मालक, तो ड्रायव्हर. दोन्ही हिशेब पहिल्या दिवशीच फसतात. निघण्याआधी तुमच्या पासपोर्टांवरून बेसवर, म्हणजे बोट भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या तळावर, जी यादी बनते, तिचं नावच क्रू लिस्ट आहे. आठवडाभर तुम्ही खलाशी आहात, हे डोक्यात ठेवून या. मी पुढे जे सांगणार आहे त्यातलं निम्मं मग सांगावंच लागणार नाही.

कोकणात होडी पाण्यात गेली की शब्द तांडेलाचा, मालक कुणी का असेना. इथेही तसंच. आज इथाकाला जायचं, अमुक खाडीत पोहायचं, तमुक गावात जेवायचं, हे तुम्ही जरूर सांगा. स्किपरला ते आवडतं, कारण काहीच न सांगणारे लोक शेवटच्या दिवशी तोंड पाडून बसतात. पण वारा बघून तो नाही म्हणाला, की विषय संपला. ‘आम्ही एवढे पैसे भरलेत’ हे वाक्य बोटीवर कुणीच काढायचं नाही. आयोनियनमध्ये उन्हाळ्यात सकाळी वारा जेमतेम असतो, दुपारी वायव्येकडून माइस्त्रो सुटतो आणि सूर्य कलला की पडतो. शिवाय ऐन हंगामात फिस्कार्डो, किओनी अशा छोट्या गावांचे धक्के दुपारी दोन-तीनपर्यंत भरून जातात. त्यामुळे स्किपर सकाळी नऊला निघू म्हणतो, तेव्हा तो तुमची झोप मोडायला म्हणत नाही. त्याने नऊ सांगितले की नऊला तयार असा. आपल्याकडच्या ‘निघतोय, पाच मिनिटांत’ची किंमत इथे थेट रात्रीच्या जागेत मोजावी लागते.

स्किपर म्हणजे स्वयंपाकी नाही आणि पोरं सांभाळणाराही नाही. भांडी घासणं, कचरा उतरवणं, बाजार करणं ही कामं तुमची. त्याचं खाणं-पिणं मात्र तुमच्याकडे असतं, ही रीत आहे. बोटीवर शिजलं तर त्यालाही वाढायचं, हॉटेलात गेलात तर त्यालाही विचारायचं. तो ‘आज नको’ म्हणाला तर आग्रह करू नका. आठ माणसांत चोवीस तास राहणाऱ्याला एखादी संध्याकाळ एकट्याने बसायची असते. त्याची झोपायची जागा आधीच ठरवा. केबिन देणं चांगलं. तुम्ही आठ जण असल्यामुळे तो सलूनमध्ये, म्हणजे मधल्या बैठकीत झोपणार असेल, तर रात्री अकरानंतर तिथे पत्त्यांचा डाव मांडायचा नाही, वर कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीत बसायचं. दुसऱ्या दिवशी तुमच्या मुलांसकट बोट ज्याच्या हातात आहे, त्याची रात्रीची झोप पुरी झालेली असणं तुमच्याच हिताचं आहे.

सामानाचं एका ओळीत: चाकांच्या कडक सुटकेसा आणू नका, घडी होणाऱ्या मऊ बॅगा आणा. रिकामी सुटकेस ठेवायला बोटीत जागाच नसते आणि मग ती कुणाच्या तरी उशाशी आठवडा काढते. रस्त्यावरच्या चपला-बूट धक्क्यावरच काढायचे, बहुतेक बोटींवर त्यासाठी एक टोपली असते. डेकवर अनवाणी किंवा स्वच्छ, मऊ तळव्याचे बूट. आपल्याला हे शिकवावं लागत नाही. उंबऱ्याबाहेर चपला काढणाऱ्यांकडे स्किपर पहिल्याच दिवशी प्रेमाने बघतो.

आता टॉयलेट. याबद्दल संकोच करून चालत नाही, कारण आठवड्याचा विचका करणारी एक नंबरची गोष्ट हीच. नियम एकच आहे: जे पोटातून गेलेलं नाही, ते भांड्यात जायचं नाही. टिश्यू, ओले वाइप्स, सॅनिटरी पॅड, मुलाने टाकलेली द्राक्षाची बी, काहीही नाही. तिथली नळी जेमतेम दीड इंचाची असते आणि तुंबली की ती उघडून साफ करणं हे काम कुणालातरी हातानेच करावं लागतं. ग्रीसमध्ये गावातल्या हॉटेलांतही कागद बाजूच्या डब्यातच टाकतात, त्यामुळे तिथे कुणाला याचं नवल नाही. आपली पाण्याची सवय इथे फायद्याची आहे, कारण कागदाचा प्रश्नच येत नाही. फक्त बेसिनचा जो नळ ओढून हँडशॉवर होतो तो टाकीतलं गोडं पाणी वापरतो, म्हणून एक छोटी बाटली किंवा तांब्या भरून ठेवा. बऱ्याच बोटींवर फ्लशला बटण नसतं, हापसा असतो. वीस-पंचवीस वेळा नीट हापसायचं, दोनदा करून पळायचं नाही. पुढच्या माणसासाठी भांडं स्वच्छ आणि कोरडं सोडायचं. फ्लश कसा हापसायचा ते मुलांना पहिल्या दिवशी स्किपरसमोर करून दाखवायला लावा. लाजतील, पण शिकतील. मैला साठवायची टाकी असते. ती किनाऱ्यापासून लांब, खोल समुद्रात उघडतात, आणि कधी उघडायची हे स्किपर ठरवतो. खाडीत लोक पोहत असताना ती उघडणाऱ्या बोटीला आजूबाजूच्या सगळ्या बोटी वर्षभर लक्षात ठेवतात.

पाण्याचा हिशेब करून बघा. एवढ्या बोटीत साधारण ४०० लिटर गोडं पाणी असतं. तुम्ही आठ, स्किपर नववा. प्रत्येकाने १५ लिटरची एक बादली अंघोळीला घेतली तरी दिवसाला १३५ लिटर झाले. भांडी, दात घासणं, टॉयलेट धरलं तर दुसऱ्या दिवशी रात्री पंप हवा ओढायला लागतो. टाकी धक्क्यावर भरता येते, पण सगळीकडे नाही, आणि पॅक्सॉससारख्या बेटावर उन्हाळ्यात गावालाच पाण्याची चणचण असते. तिथे नळी लावून डेक धुणारा माणूस स्थानिकांच्या नजरेतून उतरतो. समुद्रात मनसोक्त डुंबा, मग बोटीच्या मागच्या शॉवरने दोन तांब्यांएवढ्या पाण्यात मीठ काढा. लातूर-धाराशिवकडचं कुणी तुमच्यात असेल तर पाण्याचं खातं त्याच्याकडे द्या. आणि एक बारीक गोष्ट: नळ उघडला की पंप घरघरतो. रात्री दोनला हात धुतले तर नऊही माणसं जागी होतात. उशाशी पाण्याची बाटली ठेवली की काम भागतं.

विजेचंही तसंच. धक्क्याची वीज जोडलेली नसेल तर बोट बॅटऱ्यांवर असते. फोन चार्ज होतील, केसांचा ड्रायर किंवा इस्त्री चालणार नाही. फ्रिज सारखा उघडून ‘काय आहे बघू’ करायचं नाही, कारण बॅटरी सगळ्यात जास्त तोच खातो.

स्वयंपाकाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुम्ही पोहे, चहा मसाला आणि भाजणी घेऊन येणार हे मला माहीत आहे. जरूर आणा. तिसऱ्या दिवशी ग्रीक सॅलडचा कंटाळा येतोच आणि कांदेपोह्यांनी कितीतरी स्किपर जिंकले गेलेत. पण तीन गोष्टी सांभाळा. पहिली हळद. बोटीची आतली-बाहेरची पांढरी चकचकीत बाजू, कॉकपिटच्या गाद्या, सागवानी फळ्या, सगळं हळदीसाठी आ वासून बसलेलं असतं. एकदा एका कुटुंबाने वरणाचं पातेलं कॉकपिटच्या बाकावर टेकवलं, लाटेने चार थेंब सांडले, आणि ‘नंतर पुसू’ म्हणून सगळे पोहायला उतरले. तासाभराने साबण, लिंबू, व्हिनेगर असं सगळं चोळून झालं, पिवळे ठिपके जागेवर. शेवटी दोन दिवसांच्या कडक उन्हाने ते फिके झाले. सांडलं की त्याच क्षणी पुसायचं, आणि फोडणीचं पातेलं खालीच ठेवायचं. दुसरी गोष्ट तेल. बोट चालू असताना तळण नाही. शेगडी झुलती असते, तरी उकळत्या तेलाच्या कढईला लाटेचा भरवसा नाही. भजी खायची तर नांगर टाकल्यावर, आणि तीही शेजारच्या बोटीकडे धूर जात नाही ना ते बघून. सागवानी डेकवर तेलाचा डाग पडला तर तो अनामत रकमेतून वसूल होऊ शकतो. तिसरी गॅस. छोटा सिलिंडर असतो, स्वयंपाक झाला की शेगडीचं बटण आणि पाइपाचा कॉक दोन्ही बंद. गळलेला गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे बोटीच्या तळात साचून राहतो, त्यामुळे याबाबतीत स्किपर दहा वेळा विचारेल. चिडू नका.

बोट धक्क्याला लावायची वेळ ही खरी परीक्षा. ग्रीसमध्ये बहुतेक ठिकाणी समोर नांगर टाकून बोट मागे-मागे आणत तिची मागची बाजू धक्क्याला लावतात. आडवा वारा असेल तर स्किपरचा एक हात सुकाणूवर, एक गिअरवर, डोळे मागे आणि कान पुढच्या साखळीवर असतात. या पंधरा मिनिटांत तुमच्याकडून अपेक्षित असलेली सगळ्यात मोठी सभ्यता म्हणजे गप्प बसणं. ज्याला काम दिलंय त्याने तेवढंच करायचं. बाकीच्यांनी खाली किंवा बाकावर बसायचं, उभं राहून स्किपरच्या नजरेआड यायचं नाही, व्हिडिओ काढत मध्ये फिरायचं नाही, आणि ‘डावीकडे घे, डावीकडे’ असं तर मुळीच ओरडायचं नाही. ग्लास हातात नको. बिअर दोर बांधल्यावर, आधी नाही. आणि बोट शेजारच्या बोटीवर जातेय असं दिसलं तर हातापायाने अडवू नका, फेंडर म्हणजे तो रबरी फुगा मध्ये धरा. एवढी बोट दहा टनांच्या आसपास भरते, मनगट तिला थांबवत नाही.

आपली बोट लागली आणि मग दुसरी आली, की कॉकपिटमध्ये वाइन घेऊन मजा बघत बसणं असभ्य समजतात. उठा, तिच्या बाजूला आपला फेंडर लावा, धक्क्यावर जाऊन दोर घ्यायला उभे राहा. दोर हातात आला की ओढू नका. कडीतून घालून टोक त्यांच्याकडे परत द्या, ओढायचं कधी ते त्यांचा स्किपर सांगेल. इथे एक इशारा. समोरच्याला ‘थांब थांब’ म्हणताना आपण पंजा उघडून, पाचही बोटं पसरून त्याच्याकडे रोखतो. ग्रीसमध्ये या हावभावाला मूत्झा म्हणतात आणि तो शिवीसारखा आहे. परदेशी माणसाला ते माफ करतीलही, पण म्हाताऱ्या कोळ्याच्या तोंडासमोर पंजा उगारायची गरजच काय? तळवा खाली करून हात हलवा, पुरतं.

साखळ्या एकमेकींवर पडणं तर रोजचंच. समजा किओनीत तुम्ही संध्याकाळी उशिरा पोहोचलात आणि स्किपरला उरलेल्या तिरक्या फटीत घुसावं लागलं. तुमची साखळी शेजारच्या दोघांच्या साखळीवरून गेली असणार, हे त्याला ठाऊक असतं. सभ्य स्किपर बोट लागताच दोन्ही शेजाऱ्यांकडे जातो आणि विचारतो: उद्या किती वाजता निघताय? आम्ही आधी निघतो, किंवा निघताना मदत करतो. एवढं केलं की सकाळी भांडण होत नाही. नाही केलं, तर सकाळी आठला शेजारच्याचा नांगर वर येतो तो तुमची साखळी घेऊनच, आणि मग तीन भाषांत आरडाओरडा. सोडवायची पद्धत साधी आहे. वर आलेल्या परक्या साखळीखालून दोर घालून त्याची दोन्ही टोकं आपल्या बोटीला बांधायची, आपला नांगर थोडा खाली सोडून मोकळा करायचा, मग दोराचं एक टोक सोडून त्यांची साखळी पाण्यात जाऊ द्यायची. यात तुम्ही करायचं ते इतकंच, की घाई दाखवायची नाही आणि ‘चूक कुणाची’ याची चर्चा मोठ्याने करायची नाही. मराठीत केली तरी सूर सगळ्यांना कळतो.

खाडीत नांगर टाकून राहताना नियम सोपा: आधी आलेल्याचा हक्क मोठा. वाऱ्यासोबत प्रत्येक बोट नांगराभोवती गोल फिरते, तो घेर मोकळा ठेवणं उशिरा आलेल्याचं काम. जवळ जागा आहे म्हणून चिकटून बसायचं नाही. डिंगी, म्हणजे ती छोटी रबरी होडी, पोहणाऱ्यांतून भरधाव नेऊ नका. तुमच्या मुलांना ती चालवायची हौस येणार, ती स्किपरला विचारून आणि मोठं माणूस सोबत घेऊनच. पाण्यावर आवाज फार लांब जातो. तुमची गाणी समोरच्या किनाऱ्यावरच्या घरातही ऐकू येतात. ग्रीसमध्ये उन्हाळ्यात दुपारी ३ ते ५.३० आणि रात्री ११ ते सकाळी ७ ही शांततेची वेळ कायद्यानेच ठरलेली आहे, आणि दुपारची ती झोप तिथे आपल्या पुण्याच्या दुकानदारांपेक्षाही मनापासून घेतात.

धक्क्यावर जागा नसली की कधी दुसऱ्याच्या बोटीला बोट लावून, त्यांच्या डेकवरून जावं लागतं. विचारून जा, अनवाणी जा, आणि त्यांच्या पुढच्या भागावरून जा. कॉकपिट ही त्यांची बैठकीची खोली, तिथून जायचं नाही आणि खिडकीतून आत डोकावायचं नाही. धक्क्यावर जाळी वाळत घातलेली किंवा रंगीत लाकडी होड्या लागलेल्या दिसल्या तर ती जागा कोळ्यांची. रिकामी दिसली तरी तिथे बोट लावू नका, तो माणूस पहाटे मासे घेऊन येणार असतो.

मेगानिसीसारख्या बेटावर काही टव्हर्नांचे, म्हणजे खानावळींचे, स्वतःचे छोटे धक्के असतात. दोर घ्यायला मुलगा येतो, वीज-पाणीही कधी मिळतं, आणि जागेचे पैसे मागत नाहीत. ते फुकट नसतं. तिथे बोट लावली की रात्रीचं जेवण त्यांच्याकडे, ही न लिहिलेली अट आहे. जागा वापरून बोटीवर खिचडी टाकणं म्हणजे लग्नाला जाऊन डबा उघडणं. शाकाहारींसाठी ब्रियाम (भाजलेल्या भाज्या), फावा (घोटलेली डाळ), स्पॅनाकोपिता (पालकाचा पाई) मिळतो. गेमिस्ता म्हणजे भरलेले टोमॅटो घेताना आत खिमा नाही ना ते विचारा. पुढे ‘कालिमेरा’ (शुभ सकाळ), ‘एफ्हारिस्तो’ (धन्यवाद) एवढे दोन शब्द पाठ करून गेलात तरी चेहरे खुलतात. गावात शिरताना अंगावर कपडे हवेत, नुसत्या पोहण्याच्या कपड्यांत बेकरीत जाऊ नये. देवळात तर खांदे-गुडघे झाका.

लेफकाडातल्या निद्री गावाजवळ स्कॉर्पिओस बेट लागतं, जिथे १९६८ साली ग्रीक जहाजमालक ओनासिस आणि जॅकलिन केनेडी यांचं लग्न झालं. सगळ्यांनाच तिथे फोटो हवा असतो. लांबून काढा. बेट खासगी आहे, पहारा असतो, आणि आत घुसायचा प्रयत्न केलात तर बोलणी स्किपरला खावी लागतात.

तिरंगा आणणार असाल तर एवढं बघा: बोट ग्रीक नोंदणीची असेल तर मागे ग्रीक झेंडाच राहतो. तुमचा झेंडा छोटा असावा आणि डोलकाठीच्या डाव्या बाजूच्या दोरीवर, स्किपरला विचारून लावावा. कठड्यावर टॉवेलांच्या रांगेत तो बांधू नये, हे सांगायला नकोच.

बोट लागली, म्हणजे मळमळायला लागलं, तर लपवू नका. अॅव्होमिन निघण्याआधी घ्यायची असते, उलटी आल्यावर नाही. मळमळलं की स्किपरला सांगा, बाहेर बसा, क्षितिजाकडे बघा. उलटी करायचीच झाली तर वारा जिकडे जातोय त्या बाजूने, आणि कुणीतरी धरून ठेवलेलं असताना. खाली टॉयलेटमध्ये जाऊन केलीत तर तुमचंही वाढतं आणि बाकीच्यांचंही सुरू होतं.

पैशांचं आधी बोलून घ्या, कारण मित्रांची तोंडं बोटीपेक्षा यावरूनच फिरतात. पहिल्या दिवशी सारखी काँट्री काढा. त्यातून डिझेल, बंदराचे पैसे, किराणा आणि स्किपरचं जेवण. दारू वेगळ्या पाकिटातून, म्हणजे न पिणाऱ्यांना बोलावं लागत नाही. अनामत रक्कम बोटीनुसार २ ते ४ हजार युरोपर्यंत असते. ती कापली गेली तर कशी वाटून घ्यायची, हेही तेव्हाच ठरवा. आणि काही मोडलं, हरवलं, तर लगेच सांगा. पाण्यात पडलेला विंचचा (दोर ओढायच्या चरखीचा) दांडा किंवा फाटलेली जाळी स्किपरला तेव्हाच कळली तर पुढच्या गावात सोय होते. शनिवारी सकाळी बेसवाल्याला सापडली, तर पुढचं कुटुंब धक्क्यावर सामान घेऊन ताटकळतं.

स्किपरला टिप देण्याची सक्ती नाही, पण आठवडा चांगला गेला असेल तर देतात. शुक्रवारी संध्याकाळी बोट बेसवर परत येते. तेव्हाच रोख, पाकिटात, सगळ्यांच्या वतीने एकाने द्यावी. प्रत्येकाने वेगवेगळ्या नोटा सरकवू नयेत. उरलेलं तेल, मीठ, न उघडलेली पाकिटं त्याला विचारून ठेवा. केबिनमधला कचरा आपण काढा, भांडी घासा, डिझेल भरलं का ते बघा, आणि शनिवारी सकाळी सांगितलेल्या वेळेच्या आधी बॅगा धक्क्यावर आणा. सफाईवाल्या बायकांना एका दिवसात अशा कितीतरी बोटी उरकायच्या असतात. भाजणी उरली असेल तर तीही स्किपरला देऊन बघा, थालीपीठ कसं लावायचं ते मात्र एकदा दाखवून जा.